छत्तिशीतला स्ट्रायकर आणि खोडव्याचा ऊस

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या मंडळाची बैठक दोन तास चालली, आणि विषय गणपतीचा नव्हता. उन्हाळ्यातल्या फुटबॉल स्पर्धेसाठी कोल्हापूरहून एक जुना, नावाजलेला फॉरवर्ड आणायचा की नाही, यावर घमासान झालं. वय एक्केचाळीस. एके काळी त्याच्या पायात चेंडू आला की शाहू स्टेडियम उठून उभं राहायचं म्हणे. पोरांचं म्हणणं, नाव ऐकूनच समोरचे ढिले पडतील. थोरल्यांचं म्हणणं, तेवढ्या मानधनात पोरांना बूट येतात, गोलकीपरला ग्लोव्हज येतात, वर दोन चेंडू येतात. वाद काही मिटेना. शेवटी एकानं हुकमी पत्ता टाकला, "मग मेस्सीचं काय ओ अण्णा?"

६ डिसेंबर २०२५ ला अडतीस वर्षांच्या मेस्सीच्या इंटर मायामीनं अमेरिकेतल्या एमएलएस लीगचा करंडक जिंकला. पुढच्याच आठवड्यात तो भारतात आला. तेव्हापासून बेळगावात गुलाबी दहा नंबरची जर्सी घातलेलं पोर दिसलं नाही असा दिवस जात नाही. त्यामुळे प्रश्न फक्त आमच्या मंडळाचा राहिला नाही. अजिंक्यपदाच्या मागे लागलेल्या संघानं उतरत्या वयाचा तारा घेणं परवडतं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. परवडतं, पण त्याच्याकडून कमी काम घ्यायची तयारी असेल तर. सगळा संघ त्याच्याभोवती फिरवायला गेलात की गणित फसतं. आता हे कसं, ते सावकाश बघू.

आधी खोडवा समजून घेऊ

आपल्या भागात ऊस कुणाला समजावून सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी. लागणीचा ऊस म्हणजे नवा ऊस. नांगरट, सऱ्या, बेणं, सगळा खर्च पहिल्यापासून. तो तोडला की राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. बेण्याचा नि मशागतीचा पैसा वाचतो, पीक लवकर हाताशी येतं. मात्र एकरी टनेज सहसा लागणीपेक्षा कमी पडतं आणि रानात जागोजागी नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा दिसतात. खोडव्यानंतरचा निडवा. तो ठेवायचा की रान मोडायचं, यावर घराघरात भांडणं होतात.

तिशी ओलांडलेला खेळाडू म्हणजे खोडवा. बऱ्याचदा त्याचा आधीच्या क्लबशी असलेला करार संपलेला असतो, म्हणून नव्या क्लबला जुन्याला काही मोजावं लागत नाही. याला फ्री ट्रान्स्फर म्हणतात. नावात फ्री असलं तरी पगार द्यावाच लागतो, आणि मोठ्या नावाचा पगार मोठाच असतो.

दुसरी गोष्ट पुनर्विक्रीची. पंचविशीतला खेळाडू घेतला तर तीन-चार वर्षं खेळवून तो पुन्हा विकता येतो. छत्तिशीतल्याला पुढे गिऱ्हाईक नसतं. इटलीतल्या युव्हेंटस क्लबनं २०१८ मध्ये तेहेतीस वर्षांच्या रोनाल्डोसाठी रियल माद्रिदला १० कोटी युरो मोजले. तीन वर्षांनी मँचेस्टर युनायटेडकडून त्यांना दीड कोटीच्या आसपास परत मिळाले. मधल्या काळात त्यानं १३४ सामन्यांत १०१ गोल केले. कामात कसूर नव्हती. पण युव्हेंटसला हवी होती चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा. इटलीची लीग तर ते त्याच्या आधीच सलग सात वर्षं जिंकत होते. तो आल्यावर लीग आणखी दोनदा आली. चॅम्पियन्स लीगमधून मात्र आयाक्स, लियॉन आणि पोर्तो यांनी एकेका वर्षी त्यांना घरी पाठवलं. तिसऱ्या वर्षी तर लीगमध्येही चौथा नंबर. आधीच भरलेल्या रानात महागडं खत ओतल्यासारखं झालं.

वय झालं म्हणजे नेमकं काय कमी होतं?

कौशल्य जात नाही. पंचावन्न वर्षांचे आमचे एक काका अजूनही चेंडू छातीवर घेऊन असा खाली ठेवतात की पोरं बघत राहतात. जातो तो स्फोटक वेग, म्हणजे उभ्या जागेवरून पहिली दहा पावलं सुसाट टाकण्याची ताकद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थकवा भरून निघायला वेळ लागतो. रविवारी नव्वद मिनिटं खेळल्यावर बावीस वर्षांचं पोरगं बुधवारी ताजंतवानं असतं. छत्तिशीतल्याची मांडी बुधवारीही कुरकुरत असते. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो एकदा दुखावला की परत परत दुखावतो.

म्हणून जागेप्रमाणे हिशेब बदलतो. कडेनं पळणाऱ्या विंगरचं वय लवकर दिसतं. मधल्या बचावपटूचं उशिरा, कारण चेंडू कुठे पडणार हे ओळखून तो दोन पावलं आधीच तिथे उभा असतो. गोलकीपरचं सगळ्यात उशिरा. मँचेस्टर युनायटेडनं २००५ मध्ये फुलहॅमसारख्या मधल्या संघातून एडविन व्हॅन डर सार आणला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. पुढच्या सहा वर्षांत चार लीगपदं आणि २००८ ची चॅम्पियन्स लीग आली. त्या अंतिम सामन्याच्या पेनल्टी शूटआउटमध्ये चेल्सीच्या अनेल्काची निर्णायक किक त्यानंच अडवली. २००८-०९ च्या हंगामात तर लीगचे सलग १४ सामने त्यानं गोल खाल्ला नाही. वयस्क खेळाडू घेण्याचा इतका स्वस्त आणि इतका टिकलेला सौदा मला दुसरा आठवत नाही. पण गोलकीपरच्या नावाची जर्सी घालून कोण मिरवतो? त्यामुळे अशा चर्चेत तो आठवतच नाही कुणाला.

पिर्लोसाठी पळणारी माणसं

२०११ मध्ये एसी मिलाननं इटलीची लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात मधल्या फळीतल्या आंद्रेया पिर्लोला सोडून दिलं. बत्तिशीतल्या माणसाला लांबचा करार द्यायला त्यांची तयारी नव्हती. युव्हेंटसनं त्याला फुकटात उचललं. पुढच्या हंगामात युव्हेंटस लीगमध्ये एकही सामना न हरता विजेते झाले आणि पिर्लो असेपर्यंत चारही वर्षं विजेते राहिले.

आता कुणी म्हणेल, म्हणजे एका म्हाताऱ्यानं चमत्कार केला! त्याआधी सलग दोन वर्षं युव्हेंटस सातव्या नंबरावर होते, हेही खरं. पण त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक म्हणून कोंते आला, आर्तुरो विदाल आला, उजव्या बाजूला लिश्टश्टायनर आला. विदाल आणि मार्किझिओ पिर्लोच्या दोन्ही बाजूंना जीव तोडून पळायचे, चेंडू हिसकावून आणायचे आणि त्याच्या पायाशी ठेवायचे. मग पिर्लो मान वर करून चाळीस मीटरवरच्या माणसाला तो पोचता करायचा. त्याला पळायला कुणी सांगितलंच नाही.

आपल्याकडे नव्या खोंडाला शिकवायचं असेल तर त्याला शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपतात. वळण कुठे घ्यायचं, कासरा ढिला पडला की थांबायचं, हे जुन्याला माहीत असतं. जोर खोंडाचा असतो. दोन्ही बैल म्हातारे जुंपले तर गाडी चढालाच बसते.

मिलाननं पुढे हेच केलं, आणि सोडलेल्या पिर्लोची भरपाई जणू दहा वर्षांनी करून घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये इटलीच्याच अटालांटाकडून ५-० असा मार खाल्ल्यावर त्यांनी अडतीस वर्षांचा झ्लाटान इब्राहिमोविच आणला, तोही सुरुवातीला फक्त सहा महिन्यांच्या बोलीवर. २०२१ मध्ये चौतीस वर्षांचा ऑलिव्हिए जिरू आणला. बाकीचा संघ पोरांचा होता, लेआओ आणि तोनाली तर जेमतेम विशीतले. २२ मे २०२२ ला सासुओलोवर ३-० असा विजय मिळवून मिलाननं अकरा वर्षांनी लीग जिंकली. त्यातले पहिले दोन गोल जिरूचे, आणि तिन्ही गोलांचे पास लेआओचे. खोंडानं ओढलं, शहाण्या बैलानं वळण घेतलं. चाळिशीतला झ्लाटान त्या हंगामात फार खेळलाही नाही, गुडघा कामातून गेला होता.

मग युनायटेडचा रोनाल्डो का फसला?

हा भाग जरा ताणून सांगतो, कारण गल्लीत सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं.

२०२०-२१ मध्ये मँचेस्टर युनायटेड इंग्लंडच्या लीगमध्ये दुसरे आले होते. ७४ गुण, ७३ गोल. विजेतेपदाला एक पायरी कमी. अशा संघानं ती एक पायरी चढायला छत्तीस वर्षांचा रोनाल्डो परत आणला. त्यानं लीगमध्ये १८ गोल केले आणि लीगच्या गोलच्या यादीत तो तिसरा आला. कागदावर सौदा फत्ते.

संघ सहावा आला. गुण ५८. एकूण गोल ५७.

म्हणजे अठरा गोलांचा माणूस आला आणि संघाचे सोळा गोल कमी झाले. आमच्या पोरांना ही वजाबाकी पटतच नाही, पण त्यात जादू काही नाही. आजच्या फुटबॉलमध्ये समोरच्याकडे चेंडू गेला की पुढच्या फळीपासून सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावर जायचं आणि चेंडू हिसकावायचा असतो. याला प्रेसिंग म्हणतात. दहा जण गेले आणि एक जण उभा राहिला, तर समोरचा तेवढ्याच फटीतून चेंडू बाहेर काढतो. धरणाच्या भिंतीला एक भोक पडावं तसं. मग मागच्यांना जास्त पळावं लागतं, ते दमतात आणि त्यांचे गोल आटतात. शिवाय पुढे रोनाल्डो उभा असला की प्रत्येक जण चेंडू त्यालाच देणार. जो पास दुसऱ्याला द्यायला हवा होता तो दिलाच जात नाही.

सगळा दोष त्याचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्या हंगामात अर्ध्यावरच प्रशिक्षक सोल्शायर गेला आणि बचावाची चाळण झाली होती. तरी एक गोष्ट उरतेच. खेळाडूचे गोल मोजायचे नसतात, तो असताना संघाचे किती झाले ते मोजायचं असतं. घरातल्या एकाचा पगार वाढला आणि महिनाअखेर डब्यात मात्र कमी पैसे उरले, तर कुठेतरी गळती आहे हे आपल्या आयांना लगेच कळतं. फुटबॉलच्या संचालकांना कळायला हंगाम जातो.

पॅरिसच्या पीएसजी क्लबची गोष्ट याचीच थोरली बहीण. २०२१ मध्ये मेस्सी आला, पस्तिशीतला सर्जिओ रामोस आला, नेमार आणि एम्बापे होतेच. फ्रान्सची लीग दोनदा जिंकली, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही वर्षं शेवटच्या सोळांतच गारद. मग एकेक तारा गेला. ३१ मे २०२५ ला त्याच पॅरिसनं म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० असं धुतलं, तेव्हा एकोणीस वर्षांच्या देझिरे दुएनं दोन गोल केले. समोर इंटरकडे अचेर्बी सदतीस वर्षांचा, गोलकीपर सोमर आणि मखितारियान छत्तीस वर्षांचे. गंमत म्हणजे याच म्हाताऱ्यांनी वर्षभरापूर्वी इटलीची लीग जिंकून दिली होती, आणि अचेर्बीनंच भरपाई वेळेत गोल करून बार्सिलोनाविरुद्धची उपांत्य लढत जिवंत ठेवली होती. पण हंगामातले पन्नासहून जास्त सामने खेळून आलेले पाय त्या रात्री उचलेनात. खोडवा वाईट नव्हता, त्याच्याकडून निडवाही काढला.

"आपल्या आयएसएलमध्ये तर सगळे म्हातारेच आले होते!"

आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये आले होते, आणि आम्ही गोव्याकडचा चोर्ला घाट उतरून त्यांना बघायलाही गेलो होतो. बेळगावच्या माणसाला आयएसएलमध्येही सीमाप्रश्न आहे. राज्याचा संघ निळ्या जर्सीतला बेंगळुरू, पण नारिंगी एफसी गोवाचं फातोर्डा स्टेडियम हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमच्या गल्लीत अर्धे निळे, अर्धे नारिंगी.

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला एक मार्की, म्हणजे पोस्टरवर झळकवायचा मोठा परदेशी खेळाडू घ्यायचा होता. दिल्लीनं देल पिएरो घेतला. तो चाळिशीला टेकलेला. दहा सामन्यांत एक गोल, आणि दिल्ली पहिल्या चारांतही नाही. पुण्याचा त्रेझेगे, मुंबईचा लुंगबर्ग, यांचंही फारसं वेगळं झालं नाही. त्यातल्या त्यात चेन्नईचा एलानो चमकला, आठ गोल करून त्या हंगामात सगळ्यांच्या पुढे राहिला. तो तेहेतीस वर्षांचा होता, हे लक्षात घ्या. अंतिम सामन्यात कोलकात्याचा एकमेव गोल भरपाई वेळेत कुणी केला? मोहम्मद रफीक, बंगालचाच पोरगा.

या फसण्यामागे वेळापत्रकही होतं. पहिला हंगाम जेमतेम दहा आठवड्यांचा, दर तीन-चार दिवसांनी सामना, वर विमानप्रवास आणि ऑक्टोबरचा उकाडा. थकवा भरून निघायला वेळ लागणाऱ्या माणसाला याहून वाईट व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण मार्की हे करंडकासाठी नव्हतेच मुळी. लीग नवी होती, लोकांना स्टेडियमपर्यंत आणायचं होतं, आणि ते काम त्यांनी चोख केलं. २०१७-१८ च्या हंगामापासून मार्कीची सक्ती गेली.

ब्राझीलचा लुसिओ घ्या. एकतिसाव्या वर्षी इंटर मिलाननं त्याला बायर्नकडून घेतला आणि २०१० मध्ये इंटरनं लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक उचलले. तोच लुसिओ सदतिसाव्या वर्षी एफसी गोवाच्या बचावात उभा होता. २०१५ मध्ये गोवा साखळीत पहिले आले, फातोर्डावरच अंतिम सामना झाला आणि नव्वदाव्या मिनिटापर्यंत ते २-१ नं पुढे होते. मग एक स्वयंगोल आणि मेंडोझाचा एक गोल, चेन्नई विजेते. आमच्यातला एक जण परतीच्या रस्त्यावर कणकुंबीपर्यंत एक शब्द बोलला नाही. तरी सांगतो, लुसिओचा सौदा चुकीचा नव्हता. मधला बचावपटू, आणि काम ठरलेलं.

"पण मेस्सीनं जिंकून दिलंच की!"

दिलं. पण कधी, ते बघा. जुलै २०२३ मध्ये तो मायामीत आला तेव्हा संघ आपल्या गटात तळाला होता. लीग्ज कप नावाची वेगळी स्पर्धा त्यानं लगेच जिंकून दिली, तरी त्या वर्षी मायामी एमएलएसच्या बाद फेरीत पोचलं नाही. २०२४ मध्ये साखळीत विक्रमी ७४ गुण मिळवले, आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात अटलांटानं बाहेर काढलं. २०२५ मध्ये करंडक आला, तो बाजूला पळणारे आल्यावर. दे पॉल आला, बाद फेरीत गोलांचा सपाटा लावणारा तादेओ आयेंदे आला. अंतिम सामन्यात व्हँकुव्हरला ३-१ नं हरवलं तेव्हा याच दोघांनी गोल केले आणि दोन्ही पास मेस्सीचे होते. पुन्हा बैलजोडीच.

आणि समोर व्हँकुव्हरकडे कोण होता? छत्तीस वर्षांचा थॉमस म्युलर. म्हणजे अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांत म्हातारे तारे, एकाचं नाव झालं, दुसऱ्याचं कुणी काढत नाही. जिंकलेलेच लक्षात राहतात, ही आपल्या हिशेबातली कायमची चूक. शिवाय तिथल्या लीगमध्ये पगाराला वरची मर्यादा आहे, आणि प्रत्येक संघाला तीन खेळाडू त्या मर्यादेबाहेर ठेवायची मुभा आहे. मेस्सीचा पगार बाकीच्यांच्या ताटातून काढावा लागत नाही. ही सवलत आमच्या मंडळाला नाही.

"जर्सी विकून पैसे निघतात"

हा समज फार खोलवर गेला आहे. जर्सीच्या किमतीतला मोठा हिस्सा ती बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुकानदाराचा असतो. क्लबला येतो तो लहान वाटा, आणि कंपनीशी करार आधीच काही वर्षांसाठी ठरलेला असतो. आपल्याकडच्या पोरांच्या अंगावरच्या जर्सींमधून तर मायामीला दमडीही मिळत नाही, त्या कुठून येतात हे सगळ्यांना माहीत आहे. तारा आल्यावर पैसा येतो तो तिकिटांतून, प्रायोजकांतून, दूरचित्रवाणीतून. तो खरा आहे. पण त्यानं गोल होत नाहीत.

"तालमीत वस्ताद हवाच ना?"

हवा. या आक्षेपात मला सगळ्यात जास्त दम वाटतो. आखाड्याच्या कडेला बसलेला वस्ताद स्वतः कुस्ती खेळत नाही, पण त्याच्या एका खाकरण्यानं पोरं जोर वाढवतात. झ्लाटाननं मिलानमध्ये हेच केलं असं त्याच्यासोबत खेळलेले सांगतात. फक्त वस्तादानं वस्तादासारखं राहावं. मीच लंगोट बांधणार आणि शेवटची कुस्ती मीच खेळणार, असं त्यानं ठरवलं की तालीम अडचणीत.

सुनील छेत्रीकडे बघा. २०२४-२५ च्या हंगामात चाळीस वर्षांच्या छेत्रीनं बेंगळुरूसाठी १४ गोल केले, भारतीयांत सगळ्यात जास्त. बऱ्याच सामन्यांत तो उशिरा, बदली म्हणून उतरला. त्याच एप्रिलमध्ये फातोर्डावर उपांत्य लढतीत गोव्यानं दोन गोल मारून हिशेब बरोबरीत आणला होता, आणि भरपाई वेळेत छेत्रीच्या हेडरनं तो मोडला. आमच्या गल्लीतल्या निळ्यांनी त्या रात्री फटाके उडवले, नारिंगींनी दारं लावून घेतली. अंतिम सामना मात्र मोहन बागाननं २-१ नं जिंकला.

मग आमच्या मंडळाचं काय झालं?

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. अर्ध्यांनी ऐकलं, अर्धे मोबाईलवर होते. शेवटी ठरलं की उत्तरार्धातच उतरवायचं, वीस मिनिटं, आणि मानधन कमी करून जेवण-प्रवास आपल्याकडून. खजिनदारानं स्पीकर लावून कोल्हापूरला फोन केला. समोरच्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पैशांवर घासाघीस केली नाही, वीस मिनिटांवरही काही बोलला नाही.

एवढंच विचारलं, "मधल्या फळीत पळणारी पोरं हाईत न्हवं?"

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.